डासांची पट्टी कोणाच्या माथी?

दिल्लीतला घरमालक मालमत्ता कर स्वतःच मोजून भरतो. वसाहतीची श्रेणी, बांधकामाचं क्षेत्रफळ, इमारतीचं वय, बांधणी, वापर आणि घरात मालक राहतो की भाडेकरू, हे सगळे गुणक एकमेकांना गुणायचे, आलेल्या वार्षिक मूल्यावर टक्केवारी लावायची, वर कराच्या एक टक्का शिक्षण उपकर. २००४ पासून ही पद्धत चालू आहे. त्याआधी, १९५७ च्या दिल्ली महापालिका कायद्याच्या मूळ रचनेत, मालमत्ता कराचे चार तुकडे होते: पाणी, मैला, अग्निशमन आणि सर्वसाधारण. आग विझवायला वेगळी पट्टी, मैला उचलायला वेगळी. डास मारायला मात्र तेव्हाही नव्हती, आजही नाही. मुंबईच्या बिलात तर मलनि:सारण लाभ करापासून वृक्ष उपकरापर्यंत पोटभर ओळी असतात, पण डास तिथेही सर्वसाधारण करातच दडलेला असतो.

म्हणजे डासांवर खर्च होत नाही असं नाही. तो होतो, फक्त कोणाच्या पैशाने आणि कशावर होतो हे पैसे भरणाऱ्याला कळत नाही. १९७१ पासूनच्या केंद्राच्या नागरी हिवताप योजनेतून औषधं आणि अळीनाशकं येतात, पगार महापालिकेच्या तिजोरीतून जातात, आणि उरलेला भार घरमालक आपल्या खिशातून उचलतो: उदबत्ती, मशीन, खिडक्यांच्या जाळ्या, रहिवासी संघाची वर्गणी. हा विखुरलेला खर्च एका ठिकाणी आणून, मालमत्तेवर स्पष्ट नावाने पट्टी बसवून, त्यातून डास नियंत्रण करावं का, हा या लेखाचा प्रश्न. अमेरिकेत हे शंभर वर्षं चालू आहे. दिल्लीत चालेल का, आणि चालवायचं तर कोणत्या डासासाठी, हे पाहायला हवं.

आधी दुखणं किती मोठं आहे ते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची पहिली मोठी लाट आली. दहा हजारांवर रुग्ण, ४२३ मृत्यू. मेलेल्यांचा तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही, याचं श्रेय डास कमी झाल्यापेक्षा डॉक्टरांना रक्तस्रावी डेंग्यू हाताळता येऊ लागला याला जास्त. कारण रुग्ण कमी झाले नाहीत. २०१५ मध्ये १५,८६७ रुग्ण आणि ६० मृत्यू. पुढच्याच वर्षी चिकुनगुन्याने घरोघरी माणसं अंथरुणाला खिळवली. २०२१ मध्ये पुन्हा साडेनऊ हजारांवर रुग्ण, २०२३ मध्येही नऊ हजारांच्या वर. चिकुनगुन्याच्या त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आरोग्यमंत्र्यांना प्रतिज्ञापत्र वेळेत न दिल्याबद्दल २५ हजारांचा दंड ठोठावला होता. अधिकारी ऐकत नाहीत असं सरकार म्हणत होतं, तर कोणते अधिकारी त्यांची नावं द्या असं न्यायालय. पैसे कोणाचे, माणसं कोणाची, जबाबदारी कोणाची, हे तिन्ही प्रश्न दिल्लीत एकमेकांत कसे गुंतले आहेत ते या एका प्रसंगातून दिसतं.

आता अमेरिका. न्यू जर्सीने १९१२ मध्ये जिल्हावार डास निर्मूलन मंडळांचा कायदा केला, कॅलिफोर्नियाने १९१५ मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती खाजणं होती. भरतीचं खारं पाणी साचायचं, त्यात डास व्हायचे, आणि वाऱ्यावर मैलोन्मैल जाऊन गावांवर तुटून पडायचे. त्या काठावर जमिनीचे भाव चढायचे तर डास हटायला हवेत, हे जमीनमालकांनाच आधी कळलं. मॅरिन भागात त्याच वर्षी पहिला जिल्हा स्थापन झाला. त्याची हद्द नगरपालिकांच्या हद्दीशी जुळवलेली नव्हती, डासांच्या उड्डाणाशी जुळवलेली होती. पैसा त्या हद्दीतल्या जमिनीवरच्या करातून आला.

पुढे १९९६ मध्ये, म्हणजे दिल्लीत डेंग्यू पसरला त्याच वर्षी, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव २१८’ मंजूर केला आणि अशा पट्ट्यांना लगाम घातला. आता पट्टी बसवायची तर अभियंत्याचा अहवाल लागतो. त्यात या सेवेचा सगळ्या जनतेला होणारा फायदा किती आणि पट्टी भरणाऱ्या मालमत्तेला होणारा खास फायदा किती, याची फोड करावी लागते. पट्टी फक्त दुसऱ्या भागापुरतीच. मग प्रत्येक मालकाच्या घरी टपालाने मतपत्रिका जाते. परत आलेल्या मतपत्रिका मोजताना ज्याला जास्त पट्टी बसणार त्याच्या मताला वजन जास्त. विरोधाचं वजन भारी झालं तर पट्टी पडली. आणि एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची: सरकारी जमिनींना सूट नाही. आपल्या जमिनीला काहीच खास फायदा होत नाही हे भक्कम पुराव्याने दाखवलं तरच सरकार सुटतं.

हे वाचल्यावर दिल्लीच्या एखाद्या रहिवासी संघाच्या सचिवाला वाटेल की हेच आणा इकडे. घाई करू नये. खाजणातला डास आणि दिल्लीतला डास यांत फरक आहे, आणि सगळा हिशेब त्या फरकावर अडकतो.

दिल्लीत लोक ज्या डासाला कंटाळलेले असतात तो बहुतेक वेळा क्युलेक्स. फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी ओसरली की, त्याचे थवे उठतात. तो घाण पाण्यात वाढतो: नजफगढचा नाला, शहरभर पसरलेले उघडे नाले, यमुनेच्या संथ पात्रातली जलपर्णी. संध्याकाळी घरात शिरतो, रात्रभर कानाशी गुणगुणतो. लोक तक्रार करतात ती त्याची. पण डेंग्यू पसरवतो तो एडिस, स्वच्छ साचलेल्या पाण्यातला, दिवसा चावणारा. त्याची मादी जिथे जन्मते तिथून साधारण दोन-तीनशे मीटरच्या आतच फिरते. म्हणजे तुम्हाला डेंग्यू देणारा डास बहुधा तुमच्याच घरात नाहीतर शेजारच्या गच्चीवर वाढलेला असतो.

दिल्लीत त्याचं माहेरघर म्हणजे कूलर. उन्हाळ्यात लोखंडी पत्र्याचे कूलर प्रत्येक खिडकीत लागतात. टाकीत पाणी भरलेलं, तीन बाजूंना गवताच्या ओल्या जाळ्या. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या ओलसर भिंतीवर अंडी चिकटवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात कूलर बंद करून, पाणी ओतून, तो गच्चीवर किंवा माळ्यावर टाकला जातो. अंडी तिथेच. ती कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये कूलर खाली येतो, पाणी भरलं जातं, आणि मागच्या हंगामाची अंडी फुटायला लागतात. अळीपासून पंख फुटलेला डास व्हायला गरमीच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही, टाकीच्या भिंती काथ्याने घासाव्या लागतात. हे काम सरकार करू शकत नाही. धुराचं यंत्रही करू शकत नाही. ते त्या घरातल्या माणसालाच करावं लागतं, आणि त्याने केलं का हे बघायला कोणीतरी त्याच्या घरात शिरावं लागतं.

म्हणून क्युलेक्स हा नाल्याच्या मालकाचा डास आहे आणि एडिस हा घराच्या मालकाचा, असं मी म्हणेन. पहिल्यासाठी घरमालकाकडून पट्टी मागणं हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं होईल. नाले दिल्लीत महापालिका, सिंचन व पूर नियंत्रण खातं, जल बोर्ड, सार्वजनिक बांधकाम खातं, दिल्ली विकास प्राधिकरण यांच्यात वाटलेले आहेत. दुसऱ्यासाठी मात्र घरमालकाने पैसे द्यावेत, पण ते औषधासाठी नव्हे. ते दारात येऊन कूलर बघणाऱ्या माणसासाठी.

हा माणूस दिल्लीत आहे. १९९६ च्या साथीनंतर महापालिकेने घरोघरी अळ्या शोधणारे कामगार कंत्राटावर घेतले. त्यांना डीबीसी (डोमेस्टिक ब्रीडिंग चेकर) म्हणतात. वर्तमानपत्रांत येणारा त्यांचा आकडा तीन ते साडेतीन हजारांच्या घरात असतो. हातात बॅटरी, पाणी उचलायला लांब दांड्याचं पळीसारखं भांडं, पिशवीत अळीनाशक आणि नोंदवही. कूलर, गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं, टाकून दिलेला टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, अशी त्यांची ठिकाणं ठरलेली. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या हा घर निर्देशांक, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी किती हा ब्रेटो निर्देशांक. साथ येणार की नाही याचा अंदाज या दोन आकड्यांवरून बांधतात. म्हणजे दिल्लीच्या डेंग्यूविरुद्धच्या सगळ्या यंत्रणेची मुळं या कंत्राटी माणसांच्या नोंदवहीत आहेत. ही माणसं कायम करा, नीट पगार द्या म्हणत कित्येकदा संपावर गेली आहेत, आणि अनेकदा नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर किंवा डेंग्यूच्या ऐन हंगामात. २०२५ च्या शरद ऋतूतही त्यांनी काम बंद ठेवलं.

घरात शिरायला त्यांना कायद्याचा आधार आहे तो १९७५ च्या हिवताप व इतर डासजन्य रोगांच्या उपविधींचा. अळ्या सापडल्या तर नोटीस, चालान, दंड. अनेक वर्षं दंड इतका किरकोळ होता की भरून टाकणं कूलर घासण्यापेक्षा सोपं पडे. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डासांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि दंड वाढवण्याचा विषयही तिथे निघाला. २०२३ मध्ये घरांना एक हजार आणि व्यापारी जागांना पाच हजार दंडाची घोषणा झाली.

मालमत्ताधारकावर पैशाऐवजी कर्तव्य लादण्याची ही पद्धत जुनी, आणि तिचा सगळ्यात बोलका अनुभव मुंबईचा आहे. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला. शहरात हिवताप आणणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी खाडीत नव्हे, घरांच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असं त्यांनी दाखवलं. मग विहिरी बुजवा किंवा झाकणं बसवा म्हणून मालकांवर नोटिसा निघाल्या. खर्च मालकाचा. विरोधही मोठा झाला, कारण अग्यारी आणि देवळांच्या विहिरींचं पाणी धार्मिक विधींना लागे. काही ठिकाणी तारेची जाळी लावलेली झडप ठेवून तडजोड झाली. हिवताप उतरला. पुढे नजर ढिली झाली तसा परत चढला, आणि १९२८ मध्ये जी. कॉव्हेल यांना पुन्हा तोच अभ्यास करावा लागला. मुंबईचा कीटकनाशक विभाग आजही १८८८ च्या कायद्याच्या ३८१ व्या कलमाखाली सोसायट्यांना टाक्यांना घट्ट झाकणं बसवायला लावतो. पुण्यातही अळ्या सापडलेल्या सोसायट्या आणि बांधकामांना दर पावसाळ्यात नोटिसा आणि दंड ठरलेला. २०२४ मध्ये एरंडवण्यापासून झिका निघाला तेव्हा हे काम जरा गंभीरपणे झालं. गोव्यात १९८६ नंतर पणजीच्या बांधकामांतून हिवताप फोफावला, तेव्हा मजुरांच्या आरोग्य कार्डांची सक्ती बांधकामवाल्यांवर आली. घाण ज्याच्या धंद्यातून होते त्यानेच निस्तरावी, असा तो विचार.

मुंबईच्या या शंभराहून अधिक वर्षांतून मला एकच धडा दिसतो: कर्तव्याची सक्ती तपासणाऱ्या माणसाइतकीच टिकते. माणूस कमी झाला की झाकणं उघडी पडतात. दिल्लीने कर्तव्य घोषणेच्या रूपातही करून पाहिलं. २०१९ मध्ये ‘दहा हफ्ते, दहा बजे, दहा मिनट’ मोहीम निघाली. मुख्यमंत्री स्वतः घरातली भांडी उपडी करताना दिसले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी रुग्ण कमी होते. २०२१ मध्ये ते परत चढले. डेंग्यूला स्वतःची भरती-ओहोटी असते, त्यामुळे श्रेय-अपश्रेय दोन्ही जपून द्यावं. पण दहा आठवड्यांची मोहीम आणि वर्षभराचा पगारी माणूस यांची तुलना होऊ शकत नाही, एवढं नक्की.

मग या माणसाचा खर्च किती? २०२५ मध्ये दिल्लीत अकुशल कामगाराचं किमान वेतन महिन्याला १८,४५६ रुपये होतं. साडेतीन हजार माणसं धरली तर वर्षाचे साधारण साडेसत्त्याहत्तर कोटी. मालमत्ता कर भरणारे बारा-तेरा लाख. तेरा लाखांत समान वाटले तर डोई वर्षाला सुमारे सहाशे रुपये, महिन्याला पन्नास. चहाच्या दोन-तीन कपांचे पैसे.

पण समान वाटप करून पाहा. ‘अ’ श्रेणीतल्या वसाहतीत, समजा वसंत विहारमध्ये, दोनशे चौरस मीटरचं स्वतः राहतं घर आहे. एकक दर चौरस मीटरला ६३० रुपये. सगळे गुणक एक धरले तर वार्षिक मूल्य एक लाख सव्वीस हजार, त्यावर बारा टक्के, कर १५,१२० रुपये. आता ‘एच’ या सगळ्यात खालच्या श्रेणीतलं पन्नास मीटरचं घर घ्या. एकक दर शंभर, वार्षिक मूल्य पाच हजार, सात टक्के, कर ३५० रुपये. पहिल्याला सहाशेची डासपट्टी म्हणजे कराच्या चार टक्के. दुसऱ्याला नाकापेक्षा मोती जड. म्हणून पट्टी कराच्या प्रमाणातच बसायला हवी. महापालिकेला मालमत्ता करातून अलीकडे वर्षाला दोन हजार कोटींच्या आसपास मिळतात. त्यावर चार टक्के उपकर लावला की तेवढीच रक्कम उभी राहते. मग वसंत विहारला ६०५ रुपये, ‘एच’ श्रेणीला १४. (६३० आणि १०० हे दर २००४ मधलेच आहेत. मूल्यांकन समित्या आल्या, वाढ सुचवून गेल्या. तो विषय इथे उकरत नाही.)

महिन्याला पन्नास रुपये ही रक्कम दिल्लीकरांना ओळखीची वाटेल. एप्रिल २०२५ मध्ये महापालिकेने कचरा उचलण्याचं शुल्क मालमत्ता कराला जोडलं. छोट्या घराला महिना पन्नास, मधल्याला शंभर, दोनशे मीटरवरच्या घराला दोनशे. आधार होता घनकचऱ्याच्या उपविधींचा, ज्या २०१८ पासून कागदावर होत्या. ओरड झाली. सभागृहात ठराव न होता शुल्क आलंच कसं, हा नगरसेवकांचा सवाल. आमच्या वसाहतीत कचरा उचलणाऱ्याला आम्ही आधीच पैसे देतो, तुमचा माणूस येतच नाही, हा रहिवाशांचा. काही महिन्यांतच महापालिकेला हात आखडता घ्यावा लागला. डासपट्टीचा विचार करणाऱ्याने हे प्रकरण कोळून प्यावं. लोक पन्नास रुपयांवर चिडले नव्हते. दिसत नसलेल्या सेवेचं बिल आधी आलं, याचा तो राग होता.

त्यात ज्या संस्थेने पैसे मागायचे तिचीच पत काय? २०१२ मध्ये महापालिकेचे तीन तुकडे केले, २०२२ मध्ये परत जोडले. डिसेंबर २०२२ ला निवडणूक झाली, पण स्थायी समिती बसायला जून २०२५ उजाडला. तोवर पाच कोटींच्या वरची कंत्राटं अडून राहिली. अशा घरच्या कारभाऱ्याने वेगळ्या पेटीत ठेवीन म्हणून पैसे मागितले तर शेजारीही देणार नाहीत.

कायद्याच्या अंगाने पाहिलं तर ‘शुल्क’ आणि ‘कर’ यांतलं अंतर इथे कामाला येतं. १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला. घेतलेले पैसे त्या सेवेशी बांधलेले असले पाहिजेत. पुढे ऐंशीच्या दशकात ही अट सैल झाली, रुपयाला रुपया जुळायची गरज उरली नाही, ढोबळ नातं पुरे झालं. तरीही शुल्क म्हणून डासपट्टी घ्यायची तर अळी तपासणारा दारात आला पाहिजे. कॅलिफोर्नियाने खास फायद्याची अट घातली, आपल्या न्यायालयाने सेवेची. कर किंवा उपकर म्हणून घ्यायची तर संविधानाच्या २६५ व्या कलमानुसार कायद्यात तशी तरतूद हवी. मला उपकर बरा वाटतो, पण प्रभागनिहाय हिशेबासह: किती घरं तपासली, किती घरांना कुलूप होतं, ब्रेटो निर्देशांक किती आला. दिल्लीत २५० प्रभाग आहेत. हे आकडे गोळा तर होतातच; पट्टी भरणाऱ्याच्या पावतीवर ते छापले तर चर्चा धुराच्या यंत्रावरून कूलरवर येईल.

धुराच्या यंत्राबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण पैसा आला की तो तिकडे वळणार. रहिवासी संघांना आणि नगरसेवकांना धूर आवडतो. तो दिसतो, त्याचा वास येतो, फोटो निघतो. डिझेलमध्ये कीटकनाशक मिसळून संध्याकाळी गल्लीत सोडलेला धूर उडणाऱ्या डासालाच मारतो, अळीला नाही. आणि एडिस त्या वेळी घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसलेला असतो. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रुग्ण सापडलेल्या घराच्या आसपासच फवारणी करा म्हणतात. डासपट्टीतला एकही रुपया सरसकट धुरावर खर्च होणार नाही, अशी अट नियमातच असावी.

कर भरणाऱ्या तेरा लाखांबाहेरचं दिल्ली शहर मोठं आहे. २०१९ मध्ये पंतप्रधान-उदय योजनेखाली मालकी हक्कासाठी घेतलेल्या अनधिकृत वसाहती १,७३१, झोपडवस्त्या ६७५. २०११ च्या जनगणनेत दिल्लीत ३३ लाखांवर कुटुंबं होती. म्हणजे निम्म्याहून अधिक घरं पट्टीच्या यादीतच नाहीत. ही माणसं फुकट राहतात असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यातले बरेच भाडेकरू आहेत, आणि घरमालक पट्टी भाड्यात चढवतो. शिवाय नळाला पाणी रोज येत नाही म्हणून पिंप भरून ठेवावं लागतं. उत्तम नगर किंवा संगम विहारमधल्या पिंपातली अळी ही जल बोर्डाच्या वेळापत्रकाचीही अळी आहे.

आणि मग दिल्लीतला सगळ्यात मोठा मालक: सरकार. रेल्वेच्या जमिनी, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या वसाहती, मंत्रालयं, रुग्णालयं, लष्करी छावणी. नवी दिल्ली नगरपालिका परिषदेचा भाग तर बहुतांश सरकारीच. संविधानाच्या २८५ व्या कलमाने केंद्राच्या मालमत्तेला स्थानिक कर माफ आहेत. कॅलिफोर्नियात सरकारी जमीन पट्टीतून सुटत नाही; दिल्लीत तीच पहिली सुटते. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये यातून वाट काढली: केंद्राने कर देऊ नये, पण सेवा शुल्क द्यावं, घेतलेल्या सेवांच्या प्रमाणात मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के. वसुलीत घासाघीस होते, पण दार उघडं आहे.

या दारातून एक गाडी आधीच गेलेली आहे. पावसाळ्यात दिल्लीच्या रुळांवरून ‘मॉस्किटो टर्मिनेटर’ नावाची विशेष गाडी फिरते. सपाट वाघिणीवर फवारणीचं यंत्र चढवलेलं असतं, रुळांच्या दोन्ही बाजूंच्या डबक्यांवर, झोपड्यांच्या मागच्या खड्ड्यांवर अळीनाशकाचा फवारा जातो. वाघीण आणि इंजिन रेल्वेचं, यंत्र आणि औषध महापालिकेचं. नाव फिल्मी आहे खरं, पण जागेचा मालक आणि सेवा देणारा यांनी खर्च वाटून घेतल्याचं दिल्लीतलं हे जवळपास एकमेव धडधडीत उदाहरण.

दिल्लीची सीमा ओलांडली की चित्र आणखी विस्कटतं. नोएडात महापालिकाच नाही. १९७६ च्या उत्तर प्रदेश औद्योगिक क्षेत्र विकास कायद्याखालचं प्राधिकरण भूखंड पट्ट्याने देतं आणि भुईभाडं घेतं, घरपट्टी नाही. पट्टी लावायला तिथे खुंटीच नाही. गाझियाबादला घरपट्टी, पाणीपट्टी आणि सांडपाण्याचा कर आहे. गुरुग्रामची महापालिका २००८ मध्ये जन्मली, त्याच्या कितीतरी आधी मोठमोठे गृहसंकुलवाले देखभाल शुल्कातून स्वतःची फवारणी करून मोकळे झाले होते. कुंपणाच्या आत दर आठवड्याला धूर, कुंपणाबाहेरच्या बांधकामाच्या खड्ड्यात अळ्या. कॅलिफोर्नियाने डासाची हद्द आखली तशी इथे आखायची तर तीन राज्यांतून जाईल, आणि १९८५ पासूनचं राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ आराखडे करतं, पट्ट्या गोळा करत नाही. हा तुकडा मी सध्या सोडून देईन. दोन-तीनशे मीटर उडणाऱ्या डासासाठी तीन राज्यांचं मंडळ नको. वसाहतीएवढा घास पुरे.

तेव्हा सुरुवात उलट्या टोकाने करावी असं मला वाटतं. आधी रेल्वे, केंद्रीय वसाहती आणि मंत्रालयांच्या सेवा शुल्काच्या बिलात डास नियंत्रण ही वेगळी ओळ घालून मागणी पाठवावी. त्याला नवा कर लागत नाही, २००९ चा आदेश पुरतो. नाल्यांचा खर्च नाल्यांच्या मालकांच्या अंदाजपत्रकात नावानिशी दिसावा. तपासणी करणाऱ्या कंत्राटी माणसांच्या नोकरीचा प्रश्न एकदाचा निकालात काढावा, म्हणजे ऐन सप्टेंबरात घरांची दारं न तपासलेली राहणार नाहीत. एक पूर्ण हंगाम प्रभागाचे आकडे लोकांपुढे ठेवावेत. त्यानंतर वसंत विहारच्या मालकाकडे ६०५ रुपये आणि ‘एच’ श्रेणीतल्या मालकाकडे १४ रुपये मागायला जाता येईल.